नुसता टेकवलेला पाय

४ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण जबाबदारी आली आहे.

सकाळी जावईबापूंची लाल गाडी आमच्या शेडमध्ये येऊन उभी राहिली. मुलगी आणि जावई ट्रेनिंगसाठी महिनाभर बाहेरदेशी चालले आहेत. त्यांच्या बिल्डिंगचं पार्किंग पाइपांसाठी खणलंय, म्हणून गाडी आमच्याकडे. साधीसुधी नाही, शर्यतीची आहे. दोनच सीट, बूड जमिनीला लागलेलं, सहा गिअर. इंजिन सुरू केलं की स्वयंपाकघरातली भांडी वाजतात. ८ डिसेंबरला घाटात शर्यत आहे. तिच्यासाठी जावई वर्षभर या गाडीच्या मागे आहेत.

जावईबापूंचं म्हणणं, चालवायची गरज नाही. मधूनमधून सुरू करा, फार तर कोपऱ्यापर्यंत नेऊन आणा. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली, क्लचवर पाय ठेवू नका. मला हसू आलं. बस डेपोच्या स्टोअरमध्ये उभा जन्म गेला माझा. शिक्षण सातवी, पण हजारो क्लचप्लेटा या हातांनी खिडकीतून बाहेर दिल्या. आमची पद्धत अशी होती की जुनी प्लेट आणल्याशिवाय नवी मिळायची नाही. जुनी प्लेट हातात घेतली की मी ड्रायव्हरला त्याचं चरित्र सांगायचो. 'क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नये' हा डेपोतला बोर्डसुद्धा मीच रंगवला होता. निळ्यावर पांढरा. आणि हे मला सांगतायत.

मुलीने शब्द दिलाय. महिनाभर लाल गाडी नीट राहिली तर तिची छोटी पांढरी गाडी ती आम्हाला देणार. गेटचा खांब मध्ये आल्यापासून कोपऱ्यापुढचं माझं ड्रायव्हिंग घरच्यांनी बंद केलंय आणि माझी गाडी विकून टाकली आहे. पांढरी मिळाली की आमच्या हिला घाटावर तिच्या बहिणीकडे नेणार. बहिणीचे गुडघे गेलेत, ती खाली येऊ शकत नाही. हिला बस लागते, पहिल्याच वळणावर पोटात ढवळतं. माझी जुनी गाडी घाट चढायची नाही, त्यामुळे दोघींची दोन वर्षांत भेट नाही. फोनवर बोलतात आणि मग ही उगाच कपाट आवरत बसते.

संकल्प: गाडीला ओरखडा नाही. गोळी वेळेवर. कोणाशी वाद नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार
झोप लागली नाही. शेडचा पत्रा गाडीवर पडला तर, या विचाराने. सकाळी पत्रा हलवून पाहिला. हलवल्यामुळे एक खिळा पडला, गाडीवर नाही, माझ्यावर. पत्रा मजबूत आहे.

हिने सुताराला बोलावलंय. जेवायच्या टेबलाखालची आडवी पट्टी माझ्या बाजूने निखळली. सुतार म्हणतो कोणीतरी रोज पाय दाबून बसतं. पूर्वीचे सुतार लाकडाला दोष द्यायचे, आताचे गिऱ्हाइकाला देतात.

६ नोव्हेंबर, बुधवार
पहिली फेरी. क्लच फार जड. गेटपाशी गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा पडली. ही पायरीवर उभी राहून बघत होती. ती म्हणाली, जरा सावकाश सोडा. मी म्हटलं, भाजी बघ. ती म्हणाली, भाजी झाली.

शेवटी निघालो. कोपऱ्यापर्यंत म्हणजे नक्की कोणता कोपरा हे जावईबापूंनी सांगितलं नव्हतं, त्यामुळे जलशुद्धीकरण केंद्राच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. तो आठ किलोमीटरवर आहे.

चालवताना डावा पाय क्लचवर टेकवलेला होता. ठेवलेला नाही. ठेवणं म्हणजे भार देणं. टेकवणं म्हणजे तयारीत असणं. कुत्रं कधी आडवं येईल सांगता येतं का? बेसावध माणसं पाय खाली ठेवून बसतात आणि मग पेपरात त्यांच्या बातम्या येतात.

९ नोव्हेंबर, शनिवार
रोज फेरी मारतोय. यंत्राला सवय राहिली पाहिजे. हात बसला. म्हणजे जवळजवळ. दुसरा गिअर टाकताना कर्रर्र होतं, पण ते शर्यतीच्या गाडीत होत असावं. त्यांना घाई असते.

ही सकाळी लवकर फिरायला जाते, सप्टेंबरपासून. परत येते तेव्हा चेहरा टवटवीत असतो. चालण्याचा फायदा. मीही चाललं पाहिजे, पण मग गाडी कोण बघणार?

१२ नोव्हेंबर, मंगळवार
आवाज.

चालत्या गाडीत कुंईंईं असा. बारीक, डास कानाशी यावा तसा. सपाट रस्त्यावर सतत येतो. गिअर बदलताना थोडा बदलतो. उभी असताना, मी बाहेर उभा राहून ऐकलं, तर नाही. आत बसून ऐकलं तर आहे.

जीव थाऱ्यावर नाही. जावई येण्याआधी हे निस्तरलं पाहिजे. त्यांना कळवलं नाही, परक्या देशात माणसाला काळजी कशाला? मुलीचा फोन आला. गाडी कशी आहे? मी म्हटलं, ठणठणीत. ही मागून म्हणाली, तुझे बाबा पण. म्हणजे काय ते कळलं नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार
निदान झालं. गिअरबॉक्सचं ऑइल. ऑइल कमी असलं की गिअर कुंथतात. गाडीखाली शिरून प्लग उघडायचा बेत होता, पण गाडीचं बूड इतकं खाली की फक्त माझं डोकं आत गेलं. डोकं बाहेर काढायला हिने मदत केली. ऑइलचं निदान तूर्त बाजूला ठेवलंय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
गाडी चौकातल्या गॅरेजवाल्याकडे नेली. हा माणूस बारा महिने कानटोपी घालतो, त्यामुळे सगळे त्याला कानटोपीच म्हणतात. बोलका आहे. माझं निम्मं ऐकून तो म्हणाला की क्लचचं बेअरिंग असेल, नाहीतर फ्लायव्हील असेल, नाहीतर काहीच नसेल, आणि हल्लीची माणसं गाडीवर मुलांपेक्षा जास्त लक्ष ठेवतात.

म्हटलं, चला, हा सूर्य हा जयद्रथ. तो चालवायला बसला, मी शेजारी. जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत गेलो, आलो. आवाज नाही. एकदासुद्धा नाही. कानटोपीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आवाज घरून आणायला विसरलो होतो.

मग मी चालवायला बसलो. गॅरेजच्या गेटबाहेर पडताच कुंईंईं. मी म्हटलं, ऐका. तो तेवढ्यात फोनवर होता.

निष्कर्ष: कानटोपीमुळे त्याला ऐकू येत नाही. डोक्याला ऊब आणि कानाला टाळं. आवाज गाडीतच आहे, आणि तो फक्त जाणकाराला ऐकू येतो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
ही शेजारी बसून आली. तिचं म्हणणं, तुम्ही पाय लावता तेव्हा आवाज येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी तिला ठेवणं आणि टेकवणं यांतला फरक नीट समजावून सांगितला. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, टेबलाच्या पट्टीला पण सांगितलं होतं का हे?

वाद टाळला. संकल्प क्रमांक तीन.

१६ नोव्हेंबर, शनिवार
नवं निदान. क्लचची पाइपलाइन. या गाडीत पेडलपासून क्लचपर्यंत तार नाही, तेल आहे. तेल जुनं झालं की सगळं बिघडतं. डेपोत ऐकलेलं स्पष्ट आठवतं. कोणी कोणाला सांगितलं होतं ते आठवत नाही.

तेल ताजं आहे का पाहण्यासाठी इंजिनाच्या बाजूचं, तेल बाहेर सोडायचं छोटं बोंडूक थोडं सैल केलं. हिला पेडल दाबायला बसवलं. तेल आलं. रंग चहासारखा. बोंडूक परत घट्ट केलं. मग हिने आतून शांतपणे विचारलं की पेडल खाली गेलंय ते वर यायला हवं का.

१७ नोव्हेंबर, रविवार
पेडल जमिनीवर लोळतंय. हाताने उचललं की येतं, एकदोनदा दाबलं की काम करतं, सोडलं की तिथेच पडून राहतं. कानटोपीचं गॅरेज आज बंद. बहुधा हवा शिरली. हवेचं काय, ती कुठेही शिरते.

घाबरायचं नाही. विचार करायचा. दुपारी विचार केला. संध्याकाळी सुतळी आणली.

१८ नोव्हेंबर, सोमवार
उपाय यशस्वी. पेडलला सुतळी बांधली आणि तिचं टोक हिच्या हातात दिलं. मी पेडल दाबतो, गिअर टाकतो, 'ओढ' म्हणतो, ही ओढते, पेडल वर. पाय टेकवलेला असला की सुतळी हिच्या बोटांना काचते, म्हणून ती ओढताना मला पाय पूर्ण बाजूला घ्यावा लागतो, तेवढी एक गैरसोय.

आणि आश्चर्य म्हणजे आवाज बंद. आठ किलोमीटर गेलो, आठ आलो, कुंई नाही की काही नाही. दुसरा गिअरसुद्धा लोण्यात सुरी जावी तसा पडला. म्हणजे दोष पेडलच्या वर येण्यातच होता. जे कानटोपीला जमलं नाही ते सुतळीने केलं. हिच्या हातालाही लय सापडली आहे. काही वेळा मी 'ओढ' म्हणायच्या आधीच ओढते. मी सांगितलं, हुकमाशिवाय नाही. ती म्हणाली, इंजिन सांगतं की. बायकांना नादाचं ज्ञान असतं, शास्त्राचं नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
सुतळी तुटली. शाळेसमोर, चढावर. मागे स्कूल बस. ड्रायव्हर उतरून आला, आत डोकावला, हिच्या हातातलं टोक पाहिलं, आणि हात जोडून परत गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कानटोपीने हवा काढली. पेडल ठीक. सुतळी त्याने भिंतीवरच्या खिळ्याला लटकवून ठेवली. गिऱ्हाइकांना दाखवायला, म्हणाला.

आवाज परत आला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा ड्रायव्हिंग क्लासची एक गाडी शेजारून गेली. बाई शिकत होती. अगदी हिच्यासारखाच हिरवा स्वेटर. त्या स्वेटरची लाट आलेली दिसते. बाईने मला पाहून मान वळवली, नवशिक्यांना लाज वाटते. पण क्लच बरा सोडला तिने. गाडीने अंग झटकलं नाही. थांबून तिला दोन शब्द सांगायचा विचार होता, पण दूध नासलं असतं.

२३ नोव्हेंबर, शनिवार
हिच्या बहिणीचा फोन आला होता. ही बाल्कनीत उभी राहून बोलली. आत आल्यावर म्हणाली, तिला आता जिना पण जमत नाही. कपाट आवरायला घेतलं. ते कपाट परवाच आवरलं होतं.

मला ते बघवलं नाही. पांढरी गाडी मिळेपर्यंत थांबायचं कशाला? लाल गाडी तर मूळची घाटाचीच आहे. शर्यतीआधी घाटात एकदा नेऊन पाहिली तर जावईबापूंना ती तपासणीच होईल. आवाजाचं निदानही चढावर पक्कं होतं, कारण चढावर यंत्र खोटं बोलत नाही. हे वाक्य मला फार आवडलं.

हिला सांगितलं, उद्या तुझ्या बहिणीकडे. तिने कपाट बंद केलं. मग म्हणाली, बरं. आणि बेसनाचे लाडू करायला बसली.

२४ नोव्हेंबर, रविवार. रात्री
आजचं आजच लिहितो.

निघालो सकाळी नऊला. घाटाच्या पायथ्यापर्यंत उत्तम. चढ लागला तसा पाय जास्त तयारीत ठेवला. चढावर तयारी जास्त लागते, हे सांगायला नको. तिसऱ्या वळणापाशी विचित्र प्रकार सुरू झाला. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन आरडाओरडा करतं, काटा वर जातो, आणि गाडी आहे तिथेच. आवाज विमानाचा, वेग बैलगाडीचा. रस्त्याकडेची माणसं आधी दचकून बाजूला झाली आणि मग आम्हाला चालत ओलांडून गेली. एका आजोबांनी आम्हाला मागे टाकलं. त्यांच्या हातात काठी होती.

मग वास आला. जळका, झोंबरा. मी म्हटलं, कोणाच्या तरी शेतात काहीतरी पेटवलंय. ही म्हणाली, शेत आपल्याबरोबर चढतंय का?

बहिणीच्या घराच्या अलीकडे, दोन वळणं राहिली असताना, गाडी थांबली. इंजिन चालू, गिअर पडलेला, चाकं गप्प. बॉनेटमधून धूर. हिने लाडवांचा डबा घेतला, पदर खोचला आणि उतरली. मी म्हटलं, थांब, थंड झाली की निघेल. ती म्हणाली, तुम्ही हिच्यापाशी बसा, मी माझ्या बहिणीपाशी जाते. आणि चढ चढून गेली. हिला इतकं भराभर चालताना मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

मी दगड लावून चाकाशी बसलो. तासाभराने साडू खाली आला, त्याच्या ऑटोमॅटिक गाडीतून. त्याच्या गाडीला क्लचच नाही, हे त्याने मला या आधीही सांगितलेलं आहे. आज पुन्हा सांगितलं. गाडीभोवती एक फेरी मारली, नाक उडवलं आणि म्हणाला, प्लेट गेली राव. मी म्हटलं, अहो, घाटाच्या विरळ हवेत असं होतं. तो म्हणाला की मग आमच्या गावात सगळ्यांच्या जायला हव्यात.

संध्याकाळी टेम्पोला बांधून गाडी खाली आणली. ही बहिणीकडेच राहिली, उद्या साडू सोडणार. मी निघताना ती खाली आली आणि टेम्पोच्या खिडकीतून मला एक लाडू दिला. रागावली नव्हती. ते जास्त लागलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार
गाडी शेडमध्ये. वास शेडमध्ये. लिंबाच्या वासाचा स्प्रे आणला, आख्खा मारला. आता जळक्या लिंबाचा वास येतो.

जावईबापू तीन तारखेला येणार. दुरुस्ती तोपर्यंत सहज होईल. कानटोपीकडे ढकलत नेली. तो म्हणाला, गिअरबॉक्स उतरवून प्लेट बघावी लागेल, पण असल्या गाडीची प्लेट इथे मिळत नाही, बाहेरून मागवावी लागते. मी म्हटलं, मागवा, पण गुपचूप.

ही परत आली. बहिणीच्या गुडघ्यांना तेल लावून आली म्हणाली. खूश दिसली.

३० नोव्हेंबर, शनिवार
प्लेट आली नाही. गोळी दोनदा घेतली गेली. ही म्हणते, पहिल्यांदा घेतलीच नव्हती, म्हणून एकदाच झाली.

मनाशी सगळं तपासून पाहिलं. माझी चूक कुठेही सापडत नाही. गाडी जावयांनी दिली तेव्हाच प्लेट अर्धी गेलेली असणार. आधीच झिजलेली गाडी म्हाताऱ्याच्या गळ्यात मारायची आणि वर पांढरी गाडी पणाला लावायची, याला काय म्हणायचं? पण मी बोलणार नाही. जावई आहे.

३ डिसेंबर, मंगळवार
आले. मुलीने मला मिठी मारली आणि लगेच विचारलं, घरात काही जळलंय का? जावईबापू शेडकडे गेले. शेड रिकामी. मी म्हटलं, सर्व्हिसिंगला दिली आहे, तुम्हाला सरप्राइज.

जेवण्याआधी जावयांनी कानटोपीला फोन केला. प्लेट गेली आणि नवी आलेली नाही, हे कळलं. ८ तारखेची शर्यत गेली. जावई वाटीतली आमटी ढवळत राहिले, प्यायले नाहीत. शेवटी मला म्हणाले, बाबा, काळजी करू नका, पुढच्या वर्षी असतेच. शिव्या देणारा जावई असता तर मी चार गोष्टी सुनावल्या असत्या. याला काय सुनावणार? टेबलाची पट्टी पुन्हा करकरली.

५ डिसेंबर, गुरुवार
हा दिवस लिहावा की नाही, विचार करत होतो. लिहितो. रोजनिशी वाचायला दुसरं कोणी नाही.

आम्ही सगळे गॅरेजवर गेलो. मुलगी, जावई, ही आणि मी. कानटोपीने निरनिराळ्या गाड्यांच्या काढलेल्या प्लेटा बाकावर मांडून ठेवल्या होत्या. जुन्या प्लेटा पाहिल्या की माझे हात आपोआप जातात. डेपोची खिडकी आठवते. एक उचलली. उजेडात धरली. अस्तर आरशासारखं गुळगुळीत, कडेला निळं पडलेलं, रिव्हेट वर आलेले. अंगठा फिरवला. अशी प्लेट मी कितीएक वेळा खिडकीतून परत घेतली आहे आणि कितीएक ड्रायव्हरांची तोंडं उतरलेली पाहिली आहेत.

सगळे ऐकत होते. खूप दिवसांनी माझं कोणीतरी ऐकत होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "ही प्लेट गाडीने नाही खाल्ली, ड्रायव्हरने खाल्ली. हा माणूस दिवसभर क्लचवर पाय टेकवून बसतो. वर म्हणत असेल की मी ठेवत नाही. अशा माणसाच्या हातात गाडी देऊ नये."

कानटोपीने कानटोपी काढली. त्याला केस आहेत हे मला आजच कळलं.

तो म्हणाला, काका, ही लाल गाडीचीच आहे.

जावईबापू खाली बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडतायत. ते हसत होते, आवरत नव्हतं त्यांना. मुलगी हसली नाही. तिने माझ्या हातातून प्लेट घेतली, बाकावर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, निकाल तुम्हीच दिलात. आता मी काय करू?"

मी म्हटलं, निदान बरोबर आहे, ड्रायव्हर कोण ते शोधावं लागेल. कानटोपीने गाडी चालवून पाहिली होती, हे विसरून चालणार नाही. यावर ही म्हणाली, चला, घरी चला, गोळीची वेळ झाली.

६ डिसेंबर, शुक्रवार
पांढरी गाडी मिळणार नाही असं गृहीत धरलं आहे. वाईट एवढ्याचंच वाटतं की हिला बहिणीकडे न्यायचं राहिलं. म्हणजे नेलं, पण दोन वळणं कमी.

हिला तसं म्हटलं. ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, तुम्ही नेलंत म्हणून तर मी गेले. एवढंच. मग कोथिंबिरीच्या काड्या माझ्यासमोर सरकवल्या, निवडायला.

१० डिसेंबर, मंगळवार
पांढरी गाडी आली!

सकाळी मुलगी घेऊन आली. मी किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली हिच्याकडे गेली. मला वाटलं, ओवाळायला. मग हिने पर्समधून लायसन्स काढलं. फोटोत हिरवा स्वेटर.

मुलीचा युक्तिवाद असा की शब्द 'तुम्हाला' देण्याचा होता, तुम्हाला म्हणजे दोघांना, आणि अट दोघांपैकी एकानेच मोडली. मी विचारलं, हे कधीपासून चाललंय? ही म्हणाली, सप्टेंबरपासून, तुम्ही खांबाला धडकलात ना, दुसऱ्याच दिवशी नाव घातलं. मी म्हटलं, धडकलो नाही, खांब मध्ये आला. ती म्हणाली, तेच ते. क्लासमध्ये क्लचला सगळ्यात जास्त वेळ लागला म्हणाली, पण सुतळी धरल्यापासून हात बसला.

म्हणजे तिला शिकवलं मीच. हे इथे नोंदवून ठेवतो.

१५ डिसेंबर, रविवार
हिच्या बहिणीकडे जाऊन आलो. पांढऱ्या गाडीतून. ही चालवत होती, मी शेजारी. घाटात मी वळणावळणाला सूचना केल्या. तिने एकही मानली नाही आणि आम्ही पोचलो. बहीण दारात खुर्ची टाकून बसली होती. हिने हॉर्न वाजवला. एरवी ही कधी फुंकरसुद्धा मोठ्याने घालत नाही. साडूने गाडीभोवती फेरी मारली, वास घेतला, काही मिळालं नाही. मी त्याला सांगितलं, क्लचची गाडी आहे, येरागबाळ्याचं काम नाही.

परतताना डोळा लागला. चालत्या गाडीत मला आजवर कधी झोप लागली नव्हती.

२ जानेवारी, गुरुवार
लाल गाडीला नवी प्लेट बसली. जावईबापू येऊन दाखवून गेले. मला एक फेरी मारून आणली. शेजारच्या सीटवर. आवाज नव्हता. मी त्यांना सांगितलं की जाणकार माणूस चालवायला बसला की येईल.

१९ जानेवारी, रविवार
आज पुन्हा घाट. पांढऱ्या गाडीत एक गंभीर दोष आढळला आहे, तो नोंदवतो. माझ्या बाजूच्या पायपुसण्याला डाव्या पायाखाली भोक पडलं आहे. हिच्या बाजूचं कोरं करकरीत. माझ्या बाजूला क्लच नाही, ब्रेक नाही, काही नाही, आणि तरी महिनाभरात रबर आरपार. हल्लीचा माल. तक्रार केली पाहिजे.

हिला दाखवलं. तिने रस्त्यावरची नजर काढली नाही. म्हणाली, "पाय उचला."

मी म्हटलं, नुसता टेकवलाय.

चढ आला. हिने गिअर बदलला. कधी बदलला ते कळलंसुद्धा नाही.